टेबलटॉप रोल-प्लेइंग गेमचे प्रकाशन

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम, म्हणजे मेजाभोवती बसून खेळायचे भूमिका-खेळ, लिहून, छापून किंवा डिजिटल स्वरूपात विकण्याच्या व्यवसायाला टेबलटॉप रोल-प्लेइंग गेमचे प्रकाशन म्हणतात. या व्यवसायाची सुरुवात १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या प्रकाशनाने झाली. हा व्यवसाय पुस्तक-प्रकाशन आणि खेळणी-उद्योग या दोहोंच्या सीमेवर येतो. त्याची मुख्य विक्रीवस्तू पुस्तक असते. मात्र ग्राहक ते केवळ वाचण्यासाठी नव्हे, तर त्याच्या आधारे स्वतःची कथा रचण्यासाठी विकत घेतो. खेळाचे नियम वापरण्यावर कॉपीराइटची मक्तेदारी नसणे आणि एका प्रतीवर अनेक जणांना वर्षानुवर्षे खेळता येणे, या दोन गोष्टींमुळे या व्यवसायाचे अर्थकारण इतर प्रकाशनांहून वेगळे ठरले आहे.

खेळाचे स्वरूप आणि प्रकाशित होणाऱ्या वस्तू

भूमिका-खेळात साधारणतः चार ते सहा जण भाग घेतात. त्यांपैकी एक जण सूत्रधार असतो. इंग्रजीभाषक खेळाडू त्याला गेम मास्टर म्हणतात. उरलेले खेळाडू प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात. सूत्रधार प्रसंग वर्णन करतो, आपले पात्र काय करील हे खेळाडू सांगतात आणि कृतीचा निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकून तो ठरवला जातो. सोंगट्या किंवा सारीपाटाप्रमाणे येथे पट अनिवार्य नसतो आणि बहुधा कोणी जिंकत किंवा हरत नाही. कथा अनेक बैठकांपर्यंत पुढे चालू राहते.

या खेळासाठी प्रकाशक पुढील प्रकारच्या वस्तू काढतात:

• मूळ नियमपुस्तक: पात्र घडवण्याची पद्धत, फाशांचे नियम आणि सूत्रधारासाठी मार्गदर्शन. काही प्रकाशक खेळाडूंसाठी व सूत्रधारासाठी वेगवेगळी पुस्तके काढतात.
• मोहीम-पुस्तिका: तयार कथानक, नकाशे आणि प्रतिस्पर्धी पात्रे. सूत्रधाराचा तयारीचा वेळ वाचवणे हे तिचे मुख्य प्रयोजन असते.
• कथाविश्वाचे पुस्तक: एखाद्या काल्पनिक किंवा ऐतिहासिक प्रदेशाचा भूगोल, इतिहास, राजवटी व दंतकथा.
• पूरक साहित्य: बहुफलकी फासे, पात्रपत्रके, सूत्रधाराचा पडदा, छोट्या मूर्ती आणि नकाशे.
• डिजिटल साहित्य: पीडीएफ आवृत्त्या आणि दूरस्थ खेळाडूंना एकत्र खेळण्यासाठी संगणकावरील आभासी मेज.

इतिहास

आरंभ

गॅरी गायगॅक्स आणि डॉन के यांनी ऑक्टोबर १९७३ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावी 'टॅक्टिकल स्टडीज रूल्स' ही संस्था स्थापन केली. तीच पुढे टीएसआर या नावाने प्रसिद्ध झाली. गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी रचलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' जानेवारी १९७४ मध्ये बाजारात आला. एका खोक्यात तीन पुस्तिका असे त्याचे स्वरूप होते व किंमत १० डॉलर होती. पहिल्या आवृत्तीच्या १,००० प्रती होत्या आणि खोकी घरीच भरली जात. ही आवृत्ती संपायला वर्षाच्या आसपास काळ लागला. त्यानंतर मात्र मागणी झपाट्याने वाढली.

तयार कथानके लोक विकत घेतील, असे टीएसआरला सुरुवातीला वाटत नव्हते. खेळाडू स्वतःच कथा रचतात, मग त्यांना दुसऱ्याची कथा कशाला हवी, असा हा तर्क होता. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या 'जजेस गिल्ड' या संस्थेने टीएसआरच्या संमतीने नकाशे व तयार कथानके विकून तो चुकीचा ठरवला. त्यानंतर १९७८ पासून टीएसआरनेही स्वतंत्र मोहीम-पुस्तिका काढायला सुरुवात केली. नियमपुस्तक एकदाच विकले जाते, परंतु सूत्रधाराला नव्या सामग्रीची गरज वारंवार पडते, हे या अनुभवातून स्पष्ट झाले.

याच काळात इतर प्रकाशकही उदयास आले. ग्रेग स्टॅफर्ड यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या 'केऑसियम'ने १९७८ मध्ये 'रूनक्वेस्ट' आणि १९८१ मध्ये 'कॉल ऑफ क्थुलू' हे खेळ प्रकाशित केले.

टीएसआरचा उत्कर्ष आणि अस्त

१९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात टीएसआर ही या क्षेत्रातील सर्वांत मोठी संस्था होती. १९८५ मध्ये कंपनीचे नियंत्रण गायगॅक्स यांच्या हातून गेले. पुढील दहा वर्षांत टीएसआरने 'फरगॉटन रेल्म्स' (१९८७), 'स्पेलजॅमर' (१९८९), 'रेव्हनलॉफ्ट' (१९९०), 'डार्क सन' (१९९१) आणि 'प्लेनस्केप' (१९९४) अशी अनेक कथाविश्वे बाजारात आणली. प्रत्येक कथाविश्वाचे स्वतंत्र चाहते तयार झाले. एका कथाविश्वात खेळणारा गट दुसऱ्याची पुस्तके घेत नसे. शीर्षके वाढत गेली, पण प्रत्येक शीर्षकामागचे ग्राहक विभागले गेले.

कंपनीची पुस्तके 'रँडम हाउस' या वितरकामार्फत दुकानांत जात. माल वितरकाकडे पोहोचताच टीएसआरला रक्कम मिळत असे. मात्र न विकलेला माल परत आल्यावर तिचा हिशेब चुकता करावा लागे. १९९६ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर माल परत आला व टीएसआर कर्जात बुडाली. १९९७ मध्ये 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळामुळे संपन्न झालेल्या 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने टीएसआर विकत घेतली. १९९९ मध्ये 'हॅसब्रो' या खेळणी-उद्योगाने विझार्ड्सची खरेदी केली.

मुक्त परवाना

२००० मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची तिसरी आवृत्ती आली. तिच्यासोबत विझार्ड्सने 'ओपन गेम लायसन्स' हा मुक्त परवाना जाहीर केला. त्यानुसार कोणीही खेळाच्या नियमांचा निश्चित केलेला भाग परवानगी न मागता व मानधन न देता वापरून स्वतःची पुस्तके विकू शकत होता. त्यामागे व्यापारी हिशेब होता. मोहीम-पुस्तिकांमध्ये नफा कमी आणि मेहनत जास्त असते. ते काम छोट्या प्रकाशकांनी केले, तर त्यांच्या प्रत्येक पुस्तकामुळे मूळ नियमपुस्तकाची गरज वाढेल, अशी अपेक्षा होती.

परवान्यानंतर दुकाने नव्या पुस्तकांनी भरून गेली. दर्जा असमान होता आणि २००३ मध्ये विझार्ड्सने सुधारित नियम काढल्यावर आधीच्या नियमांवर आधारलेला साठा पडून राहिला. अनेक छोटे प्रकाशक बंद पडले. २००८ च्या चौथ्या आवृत्तीसाठी विझार्ड्सने अधिक कडक परवाना आणला. तेव्हा 'पायझो' या संस्थेने जुन्या मुक्त परवान्याच्या आधारे २००९ मध्ये 'पाथफाइंडर' हा खेळ प्रकाशित केला आणि काही काळ तो मूळ खेळाचा प्रमुख स्पर्धक ठरला.

२०२३ चा वाद

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीनंतर, तसेच 'क्रिटिकल रोल' (२०१५ पासून) हा प्रत्यक्ष खेळ दाखवणारा कार्यक्रम व 'स्ट्रेंजर थिंग्ज' (२०१६) ही दूरचित्रमालिका यांमुळे खेळाचा प्रसार वाढला. जानेवारी २०२३ मध्ये विझार्ड्सच्या प्रस्तावित नव्या परवान्याचा मसुदा फुटला. जुना परवाना रद्द करणे आणि वर्षाला साडेसात लाख डॉलरहून अधिक उलाढाल असलेल्या प्रकाशकांकडून वरच्या रकमेवर स्वामित्वधन घेणे, या त्यातील तरतुदी होत्या. वीस-बावीस वर्षे जुन्या परवान्यावर उभे राहिलेले व्यवसाय त्यामुळे धोक्यात आले. लेखक, प्रकाशक व खेळाडू यांनी तीव्र विरोध केला. २७ जानेवारी २०२३ रोजी विझार्ड्सने मसुदा मागे घेतला, जुना परवाना कायम ठेवला आणि नियमांचा संदर्भ-दस्तऐवज 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली खुला केला. हा परवाना मागे घेता येत नाही. याच वर्षी पायझोच्या पुढाकाराने 'ओआरसी' हा कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचा नसलेला परवाना तयार झाला.

अर्थकारण

कादंबरी ज्याला वाचायची तो ती विकत घेतो किंवा ग्रंथालयातून आणतो. भूमिका-खेळाचे पुस्तक मात्र प्रामुख्याने सूत्रधार विकत घेतो आणि त्यावर संपूर्ण गट खेळतो. त्यामुळे खेळाडूंची संख्या आणि ग्राहकांची संख्या यांत मोठे अंतर राहते. शिवाय समाधानी ग्राहकाला पुन्हा काही विकत घेण्याची सक्ती नसते. एका नियमपुस्तकावर आयुष्यभर खेळणे शक्य असते.

खर्चाची रचना समजण्यासाठी पुढील काल्पनिक हिशेब उपयोगी ठरेल. एका नियमपुस्तकाची छापील किंमत ६०० रुपये आहे असे मानू. विक्रेता व वितरक यांची सूट ४० टक्के धरल्यास प्रकाशकाच्या हाती ३६० रुपये येतात. छपाई व बांधणीचे १५० आणि लेखकाचे दहा टक्के मानधन, म्हणजे ६० रुपये, वजा केल्यास प्रतीमागे १५० रुपये उरतात. चित्रे, नकाशे, संपादन, मांडणी आणि चाचणी-खेळ यांचा एकत्रित खर्च १,५०,००० रुपये असेल, तर तो भरून निघण्यासाठी १,००० प्रती विकल्या जाव्या लागतील. कादंबरीच्या बाबतीत याचा अर्थ हजार ग्राहक असा होतो. भूमिका-खेळाच्या बाबतीत त्याचा अर्थ एक हजार सूत्रधार, म्हणजे सुमारे पाच हजार खेळाडूंचा समाज, असा होतो. हीच प्रत प्रकाशकाने ग्राहकाला थेट विकली आणि टपालाचे ६० रुपये स्वतः सोसले, तर प्रतीमागे ३३० रुपये उरतात व ४५५ प्रतींत खर्च निघतो. छोट्या प्रकाशकांचा कल थेट विक्रीकडे असण्याचे कारण या फरकात आहे.

चाचणी-खेळ हा या व्यवसायाचा विशेष खर्च होय. नियम लिहिणाऱ्याने स्वतः सूत्रधार होऊन खेळ चालवला, तर पुस्तकातील उणिवा तो नकळत तोंडी भरून काढतो. म्हणून लेखक अनुपस्थित असताना केवळ छापील मजकुरावरून खेळ चालतो का, हे अनोळखी गटांकडून तपासून घ्यावे लागते.

प्रकाशकांपुढे उत्पन्न टिकवण्याचे तीन प्रमुख मार्ग असतात. पहिला म्हणजे पूरक पुस्तके काढत राहणे. पण ती फार झाली तर नवा ग्राहक बिचकतो आणि जुना थकतो. दुसरा म्हणजे काही वर्षांनी सुधारित आवृत्ती काढणे. त्यात जुन्या ग्राहकांचा रोष ओढवतो. तिसरा म्हणजे खेळाच्या नावावर कादंबऱ्या, संगणक-खेळ व चित्रपट यांचे हक्क विकणे. हा मार्ग मोजक्याच नामवंत खेळांना खुला असतो.

वितरणाचे मार्ग

दुकाने: परंपरेने खेळांची विशेष दुकाने हे मुख्य विक्रीकेंद्र होते. पाश्चात्त्य देशांत अशा दुकानांत खेळण्यासाठी मेजेही असतात आणि तेथेच नवे गट जमतात.

पीडीएफ: २००१ मध्ये सुरू झालेले 'आरपीजीनाऊ' आणि २००४ मधील 'ड्राइव्हथ्रूआरपीजी' ही संकेतस्थळे २००६ मध्ये एकत्र आली. तेथे लेखक स्वतः पीडीएफ विकू शकतो; विक्रीचा करार केवळ त्याच संकेतस्थळाशी असल्यास लेखकाला ७० टक्के आणि अन्यथा ६५ टक्के वाटा मिळतो. मागणीनुसार एक-एक प्रत छापून देण्याची सोयही तेथे आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'डीएम्स गिल्ड'वर विझार्ड्सची कथाविश्वे वापरता येतात. परंतु तेथे लेखकाचा वाटा ५० टक्के असतो आणि ते साहित्य इतरत्र विकता येत नाही.

लोकवर्गणी: 'किकस्टार्टर'सारख्या मंचांवर पुस्तक छापण्याआधीच ग्राहकांकडून रक्कम गोळा केली जाते. २०२१ मध्ये 'अवतार लेजेंड्स' या खेळासाठी सुमारे ९५ लाख डॉलर जमले. मराठी वाचकाला ही पद्धत अगदीच अपरिचित नाही. चरित्रकोश, बहुखंडी ग्रंथ किंवा मोठ्या कादंबऱ्यांसाठी मराठी प्रकाशक प्रकाशनपूर्व सवलत योजना राबवत आले आहेत. दोन्हींत प्रकाशकाची जोखीम ग्राहक वाटून घेतो. पुस्तक उशिरा निघण्याचा किंवा न निघण्याचा धोकाही दोन्हींत ग्राहकाकडेच असतो.

कायदेशीर बाजू

खेळाची कल्पना किंवा नियमांची पद्धत यांवर कॉपीराइट मिळत नाही; ती ज्या शब्दांत व चित्रांत मांडली असेल त्या अभिव्यक्तीवर मिळतो. भारतात कल्पना आणि अभिव्यक्ती यांतील हा भेद सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स (१९७८) या खटल्यात स्पष्ट केला. खेळांच्या संदर्भात मॅटेल विरुद्ध जयंत अगरवाला हा दिल्ली उच्च न्यायालयाचा २००८ चा निर्णय महत्त्वाचा मानला जातो. 'स्क्रॅबल' या शब्दखेळाशी साम्य असलेल्या 'स्क्रॅब्युलस' या ऑनलाइन खेळाविरुद्धच्या या प्रकरणात न्यायालयाने पट व नियमांवर कॉपीराइटचे संरक्षण मान्य केले नाही. मात्र नावाच्या बाबतीत व्यापारचिन्हाचे संरक्षण दिले. महाराष्ट्रातील घरोघरी खेळल्या गेलेल्या 'व्यापार' या खेळाचे 'मोनोपॉली'शी असलेले साम्य सर्वपरिचित आहे. पटावरची जागांची नावे बदलून तोच प्रकार नव्याने मांडता येतो, याचे ते नेहमीचे उदाहरण होय.

यामुळे भूमिका-खेळाच्या प्रकाशकाकडे संरक्षणयोग्य अशा तीनच गोष्टी उरतात: प्रत्यक्ष मजकूर व चित्रे, स्वतः निर्माण केलेली पात्रे व कथाविश्व, आणि खेळाचे नाव. दुसऱ्याची पात्रे वापरल्याचे परिणाम टीएसआरलाही भोगावे लागले. टॉल्किन यांच्या साहित्यातून घेतलेला 'हॉबिट' हा शब्द आक्षेपानंतर काढून त्याऐवजी 'हाफलिंग' हा शब्द योजावा लागला.

पुस्तक म्हणून प्रकाशन केल्यास भारतात काही सोयी व कर्तव्ये लागू होतात. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेमार्फत विनामूल्य मिळतो. 'पुस्तके व वृत्तपत्रे पाठवण्याबाबतचा कायदा, १९५४' अन्वये प्रकाशित पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि अन्य निश्चित ग्रंथालयांना द्याव्या लागतात; मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय त्यांपैकी एक आहे. छापील पुस्तकांवर वस्तू व सेवा कर नाही. पत्ते, बुद्धिबळाचे पट, कॅरम व तत्सम खेळांवर तो १२ टक्के होता आणि सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. पुस्तक आणि फासे एकाच खोक्यात एकाच किमतीला विकले आणि तो मिश्र पुरवठा मानला गेला, तर त्यातील सर्वाधिक दर संपूर्ण खोक्याला लागू होतो. चौदा वर्षांखालील मुलांसाठीच्या खेळण्यांना २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आवश्यक आहे. या कारणांनी केवळ पुस्तक काढणे आणि फासे ग्राहकाने वेगळे घेणे हा सर्वांत सोपा मार्ग ठरतो.

इंग्रजीखेरीज अन्य भाषांतील प्रकाशन

इतर भाषांत हा व्यवसाय दोन प्रकारे रुजला: इंग्रजी खेळांच्या भाषांतरातून आणि स्वभाषेतील स्वतंत्र निर्मितीतून. स्वीडनमध्ये १९८२ साली केऑसियमच्या नियमांवर आधारित 'द्राकार ओक देमोनेर' हा खेळ स्वीडिश भाषेत निघाला. जर्मनीत १९८४ मध्ये 'दास श्वार्त्से आउगे' प्रकाशित झाला आणि त्याने तेथील बाजारपेठेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ला मागे टाकले.

जपानचा अनुभव सर्वांत वेगळा आहे. १९८६ पासून 'कॉम्पटिक' या मासिकात एका गटाच्या प्रत्यक्ष खेळाचा वृत्तांत संवादरूपात प्रसिद्ध होऊ लागला. त्यातून 'रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर' ही कादंबरीमाला जन्मली. १९८९ मध्ये 'ग्रुप एसएनई'ने 'सोर्ड वर्ल्ड' हा खेळ महागड्या खोक्याऐवजी खिशात मावणाऱ्या स्वस्त पुस्तकाच्या रूपात आणला. हे पुस्तक सामान्य पुस्तकांच्या दुकानांत मिळत असे आणि विद्यार्थ्यांना परवडत असे. खेळाचा वृत्तांत वाचून खेळ कसा चालतो हे कळते आणि मग नियमपुस्तक विकत घेतले जाते, असा क्रम तेथे रूढ झाला. विशेष दुकाने नसलेल्या भाषिक बाजारपेठेत पुस्तक-व्यवहाराच्या प्रस्थापित मार्गांनीच हा खेळ वाढू शकतो, हे त्यातून दिसले.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात मेजावरच्या खेळांची निर्मिती दीर्घकाळ मुख्यतः कौटुंबिक व बालखेळांची राहिली. 'एमआरएफ' समूह व हॅसब्रो यांच्या भागीदारीतून १९८७ मध्ये स्थापन झालेल्या 'फनस्कूल' या कंपनीने गोव्यातील कारखान्यातून अनेक परदेशी खेळांच्या भारतीय आवृत्त्या काढल्या. प्रौढांसाठीच्या खेळांत मुंबईच्या 'मेमेसिस कल्चर लॅब'चा 'शासन' हा खेळ उल्लेखनीय आहे. झैन मेमन यांनी रचलेल्या या खेळासाठी २०१९ मध्ये किकस्टार्टरवर निधी उभारण्यात आला. खेळाडू राजकारण्याची भूमिका घेऊन धोरणविषयक प्रश्नांना उत्तरे देतात आणि त्या उत्तरांवरून त्यांची साधनसंपत्ती ठरते. तो मूलतः पटावरचा डावपेचांचा खेळ असला, तरी भूमिका घेऊन बोलण्याचा घटक त्यात आहे. भारतातील विषयावरचा खेळ मुंबईत रचून जगभरातील ग्राहकांना थेट विकता येतो, हे त्याने दाखवून दिले.

भारतीय पुराणकथांचा वापर मात्र या व्यवसायात आरंभापासून झाला. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये राक्षस व नाग आहेत. १९८० च्या 'डीटीज अँड डेमिगॉड्स' या टीएसआरच्या ग्रंथात भारतीय देवतांचे स्वतंत्र प्रकरण होते आणि त्यात देवतांना इतर प्राण्यांप्रमाणे लढाईचे गुणांक दिलेले होते. २०२२ मध्ये विझार्ड्सने काढलेल्या 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' या संग्रहात मिमी मंडल या भारतीय लेखिकेचे 'इन द मिस्ट्स ऑफ मणिवर्षा' हे कथानक समाविष्ट झाले. देशी कथासामग्री परकीयांनी वापरण्यापासून त्या संस्कृतीतील लेखकाने ती स्वतः मांडण्यापर्यंतचा हा बदल होय.

कथासामग्रीची निवड: चिखलदऱ्याचे उदाहरण

प्रादेशिक कथाविश्वाचे पुस्तक काढताना कोणती सामग्री मुक्त आहे आणि कोणती नाही, हे अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. मेळघाटातील हे गाव विदर्भातील थंड हवेचे ठिकाण म्हणून प्रसिद्ध आहे. भीमाने कीचकाचा वध करून त्याला येथील दरीत टाकले व 'कीचकदरा' या नावावरून चिखलदरा हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. महाभारतातील विराटपर्वाचा प्रसंग आणि ही स्थानिक आख्यायिका दोन्ही सार्वजनिक आहेत. त्यांवर कोणाचाही कॉपीराइट नाही. अज्ञातवासात वेषांतर करून राहिलेले पांडव ही तर भूमिका-खेळाला जवळची अशी कल्पना आहे, कारण तेथे प्रत्येक पात्र स्वतःच दुसरी भूमिका निभावत असते.

गावाजवळच्या गाविलगड किल्ल्यावर दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात आर्थर वेलस्लीच्या सैन्याने १५ डिसेंबर १८०३ रोजी ताबा मिळवला. ही घटना इतिहास असल्याने कोणत्याही लेखकाला वापरता येते. याच वेढ्यावर बर्नार्ड कॉर्नवेल यांची 'शार्प्स फोर्ट्रेस' ही इंग्रजी कादंबरी आहे. त्या कादंबरीतील रिचर्ड शार्प हे पात्र व लेखकाने रचलेले प्रसंग मात्र परवानगीशिवाय घेता येत नाहीत. किल्ल्याचे दरवाजे, तलाव व तटबंदी यांचे वर्णन स्वतः पाहणी करून लिहिता येते. दुसऱ्याने काढलेला नकाशा जसाच्या तसा छापता येत नाही, कारण भारतीय कायद्यानुसार नकाशा ही कलाकृती आहे.

मराठी साहित्यालाही हाच नियम लागू होतो. भारतात कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे ह. ना. आपटे (मृत्यू १९१९) व नाथमाधव (मृत्यू १९२८) यांच्या कादंबऱ्यांतील पात्रे आणि प्रसंग आज मुक्त आहेत. बाबूराव अर्नाळकर (मृत्यू १९९६) यांचा 'झुंजार' किंवा भा. रा. भागवत (मृत्यू २००१) यांचा 'फास्टर फेणे' यांच्यावर खेळ काढायचा असल्यास हक्कधारकांची परवानगी लागते.

कायद्याने मुक्त असलेली प्रत्येक गोष्ट वापरण्यास निर्धास्त असतेच असे नाही. मेळघाटात कोरकू समाज राहतो. त्यांच्या श्रद्धा व विधी कॉपीराइटच्या कक्षेत येत नाहीत. पण त्या जिवंत परंपरा आहेत. त्यांना खेळातील जादूचे किंवा शत्रूचे रूप दिल्यास, टीएसआरच्या १९८० च्या ग्रंथातील देवतांच्या प्रकरणावर घेतला जाणारा आक्षेप येथेही घेता येईल. अलीकडे अनेक प्रकाशक अशा सामग्रीसाठी त्या समाजातील लेखक किंवा सल्लागार यांना मानधन देऊन सहभागी करून घेतात. हा खर्चही आता निर्मितीखर्चाचा भाग मानला जातो.

टीका आणि मतभेद

या व्यवसायावर घेतले जाणारे आक्षेप मुख्यतः तीन आहेत. लेखक व चित्रकारांना मिळणारा मोबदला कमी असतो आणि बरेच लेखन शब्दांच्या दराने, कायमस्वरूपी हक्क देऊन केले जाते. दुसरा आक्षेप एका कंपनीच्या वर्चस्वाबाबत आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे नाव इतके मोठे आहे की तिच्या निर्णयांचा परिणाम तिच्याशी करार नसलेल्या प्रकाशकांवरही होतो. २०२३ च्या वादात हे दिसले. तिसरा आक्षेप डिजिटल मालकीचा आहे. २०१७ मध्ये सुरू झालेला 'डीअँडडी बियाँड' हा मंच हॅसब्रोने २०२२ मध्ये विकत घेतला. तेथे घेतलेले पुस्तक मंच चालू असेपर्यंतच वाचता येते, तर छापील पुस्तक प्रकाशक बंद पडल्यावरही गटाजवळ राहते.

टीएसआर १९९७ मध्ये संपली, तरी तिच्या १९७० च्या दशकातील नियमांवर आजही खेळणारे गट आहेत. खेळाडूंना प्रकाशकाची गरज खेळ सुरू करण्यासाठी लागते. तो चालू ठेवण्यासाठी लागतेच असे नाही. खेळणाऱ्यांच्या दृष्टीने हे या खेळाचे सामर्थ्य आहे. प्रकाशकाच्या दृष्टीने मात्र तीच त्याच्या व्यवसायाची मूळ अडचण आहे.

हे सुद्धा पहा

• सारीपाट
• मोक्षपट
• प्रताधिकार
• चिखलदरा
• गाविलगड